चूक परवडायला हवी

यशस्वी माणसांच्या सवयींची यादी आमच्या ग्रुपवर आठवड्यातून एकदा तरी येऊन पडते. पहाटे पाचला उठा, वेळ वाया घालवू नका, रोज थोडं वाचा, ध्येय सोडू नका. स्टीफन कव्ही यांचं सात सवयींचं पुस्तक 1989 साली आलं, तेव्हापासून हा धंदा बरकतीत आहे. यादी पाठवणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं, पहाटेच्या लोकलला बेगडेवाडीला या.

बेगडेवाडी कुठे, असं पुण्यातले लोक विचारतात. लोणावळ्याच्या गाडीने देहूरोड सोडलं की घोरावाडीच्या आधी आमचं छोटंसं स्टेशन लागतं. मेल-एक्स्प्रेस आमच्याकडे ढुंकूनही न बघता निघून जातात. अंधारात पुण्याकडच्या लोकलची वाट बघणाऱ्यांत निगडी-आकुर्डीला चार घरची कामं करणाऱ्या बाया असतात, पिंपरी-भोसरीला कंत्राटावर जाणारी पोरं असतात. चारला उठून, डबा भरून, घरातलं आवरून आलेली बाई गाडीत उभ्या उभ्या डोळा लावते. वक्तशीरपणा यांना कुणी शिकवावा लागत नाही. एक गाडी चुकली की पुढची लवकर नसते, आणि गेटवर उशीर झाला की खाडा लागतो. शिस्त, चिकाटी, वेळेची किंमत, यादीतलं सगळं या फलाटावर हजर असतं. तरी यांचा फोटो ‘यशोगाथा’ सदरात छापून आलेला मी पाहिलेला नाही.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक होतो, आता निवृत्त आहे. त्यामुळे चांगल्या सवयी म्हणजे थोतांड, असं मी म्हणणं शक्य नाही. उलट कुठलं पोर पुढे जाणार हे मला पहिल्या जॉबलाच कळायचं. लोखंडी पट्टीचा तुकडा कानशीने घासून काटकोनात आणायचा, एवढंच काम. बहुतेक पोरं घासून झालं की तुकडा माझ्या टेबलावर आणून ठेवत आणि ‘सर, बघा’ म्हणत. एखादाच असा निघे, जो आधी खिडकीशी जायचा, तुकड्याला ट्राय स्क्वेअर लावायचा आणि उजेडासमोर धरून बघायचा. पातं आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली की काही न बोलता परत व्हाइसकडे. दुसऱ्याने मोजायच्या आधी स्वतःला मोजणं, हा गुण मी फार मानतो.

पण तो गुण वर्कशॉपमध्ये का टिकायचा? कारण तुकडा बिघडला तर दुसरा मिळत होता. मी ओरडायचो, तो भाग वेगळा. पण पोराच्या खिशातून काही जात नव्हतं. तेच पोर कंत्राटदाराकडे लागलं की पहिल्या बिघडलेल्या जॉबला पगार कापला जातो, दुसऱ्याला ‘उद्यापासून येऊ नको’. मग ते मोजणं सोडतं आणि लपवणं शिकतं.

माझा एक विद्यार्थी पवन मावळ भागातला. आज त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे, हाताखाली माणसं आहेत. मध्यंतरी एका कार्यक्रमात मुलांना मार्गदर्शन करायला त्याला बोलावलं होतं. मी पहिल्या रांगेत. त्याने छान भाषण केलं. पाचला उठतो, व्यसन नाही, हार मानली नाही, आईवडिलांचे आशीर्वाद. खरं होतं सगळं. मागची पोरं मोबाइल बघत होती. मला राहवलं नाही.

‘अरे, तुझा पहिला लॉट परत आला होता, ते सांग ना.’

‘सर, ते काय सांगायचं त्यात!’

‘तेच सांग.’

मग त्याने सांगितलं. उधारीवरची जुनी लेथ, पहिलीच मोठी ऑर्डर बुशांची, आणि बोअर मोठं झालं. कंपनीने अख्खा लॉट रिजेक्ट केला. माल भंगारात गेला, मटेरियलचे पैसे अंगावर आले. वडिलांनी दोन म्हशी विकल्या. त्याला नवीन मटेरियल घेता आलं, आणि दुसरा लॉट पास झाला. सभागृहात पहिल्यांदाच शांतता झाली. प्रश्न विचारा म्हटल्यावर मागून एक पोरगा उभा राहिला आणि म्हणाला, ‘सर, म्हशी कितीला गेल्या?’

सगळे हसले. मला विचाराल तर त्या दिवसातला सगळ्यात शहाणा प्रश्न तो होता. पोराने हिशेब बरोबर लावला. आपल्या घरी विकायला म्हशी आहेत का, हे तो मनातल्या मनात मोजत होता. माझ्या विद्यार्थ्याने काही लपवलं नव्हतं. माणसाला स्वतःची पहाट दिसते, कारण ती त्याने स्वतः काढलेली असते. गोठ्यातली रिकामी जागा बापाला दिसते.

चुकीचा खर्च कुणीतरी पेलावा लागतो, ही गोष्ट इथून पाच-सहा किलोमीटरवर तळेगावला शंभर वर्षांपूर्वीच कुणाला तरी उमगली होती. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला. वर्षाला माणशी एक पैसा गोळा करायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा. लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिलं आणि 1908 साली तळेगावात काच कारखाना सुरू झाला. काचेचं शास्त्र शिकण्यासाठी जपान-अमेरिकेपर्यंत जाऊन आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाती भट्टी दिली. त्या काळात देशात काचेचे कारखाने निघत आणि बुडत. तळेगावचा नुसता कारखाना नव्हता, तिथे शिकवतही असत आणि तिथली शिकलेली माणसं पुढे ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत गेली. काचेच्या धंद्यात फुटकी काच फेकत नाहीत. ती पुन्हा भट्टीत घालतात, तिच्यामुळे नवा माल कमी आचेवर वितळतो. शिकाऊ पोराच्या हातून फुटलेली बाटलीसुद्धा अशी कामाला यायची. आणि जे नुकसान व्हायचं, ते मुळात हजारो अनोळखी लोकांच्या एकेका पैशाने पेललेलं होतं.

तळेगावचेच दुसरे मोठे रहिवासी गो. नी. दांडेकर. यादीच्या मापाने बघाल तर त्यांची उमेदीची वर्षं वाया गेली. तेराव्या वर्षी स्वातंत्र्यलढ्यासाठी घर सोडलं, शाळा सुटली ती सुटलीच. काही काळ गाडगेबाबांबरोबर, मग नर्मदा परिक्रमा. ही भटकंती त्यांच्या लेखणीत उतरली, आणि 1976 साली ‘स्मरणगाथे’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांची जिद्द अफाट होती, यात वाद नाही. पण परिक्रमेला निघालेल्या फाटक्या पोराला पीठ-मीठ देणारा काठ होता, हेही खरं. आज नोकरी-कॉलेज सोडून चार वर्षं भटकणाऱ्या पोराला आपण काय देतो? सल्ला.

म्हणून मला मुलांना सवयींवर भाषणं देणाऱ्यांपेक्षा त्यांची चूक पेलणारे हवे आहेत. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 पासून आहे. त्याचा अर्थ शिकण्यासाठी वेळ देणं असा आहे, स्वस्तात उत्पादन काढून घेणं असा नाही. तळेगाव-चाकण पट्ट्यातल्या कंपन्यांनी निदान पहिले सहा महिने शिकाऊ पोराचा बिघडलेला जॉब कंपनीच्या भंगारात जमा करावा, त्याच्या पगारातून वजा करू नये. काही ठिकाणी हे होतंही, नाही असं नाही. आणि ज्या बँका, पतसंस्था तरुणांना उद्योगासाठी कर्ज देतात, त्यांनी दोन हप्ते थकले, सिबिल बिघडलं की लगेच फाइल बंद करू नये. आधी एक माणूस त्या पोराच्या शेडवर पाठवावा आणि मशीन चालू आहे की धूळ खात पडलंय, एवढं बघून यायला सांगावं.