चिंचिलाची जोडी आणि आपली माया

दक्षिण अमेरिकेतील चिली देशात, अँडीज पर्वताच्या कोरड्या व थंड उतारांवर चिंचिला नावाचा एक कुरतडणारा प्राणी राहतो. त्याच्या कातडीतील एकेका छिद्रातून सुमारे ६० केस उगवतात. या मऊ केसाळ कातड्यासाठी त्याची अतोनात शिकार झाली आणि रानातला चिंचिला आज नामशेष होण्याच्या धोक्यात आहे. १९२३ साली मॅथायस चॅपमन यांनी ११ चिंचिला अमेरिकेत नेले. आज घरोघरी पाळले जाणारे बहुतेक चिंचिला त्यांचेच वंशज मानले जातात.

अशी जोडी घरात आहे आणि मादी गाभण आहे, असे समजा. पाळणारा मायेपोटी दोन गोष्टी करतो. जोडी फुटू नये म्हणून नराला तिच्याजवळच ठेवतो आणि उकाडा वाढला की पंखा लावतो. माझ्या मते या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

चिंचिलाचा गर्भकाळ सुमारे १११ दिवसांचा असतो. पिले बहुधा एक ते तीन होतात. व्याल्यानंतर थोड्याच वेळात मादी पुन्हा गाभण राहू शकते. नर जवळ असला, तर पिलांना दूध पाजणे आणि नवा गर्भ पोसणे असा दुहेरी भार तिच्या शरीरावर पडतो. म्हणून ती विण्यापूर्वीच नराला शेजारच्या पिंजऱ्यात हलवावे. तेथून दोघांना एकमेकांचा वास व आवाज मिळत राहतो. मादीच्या पिंजऱ्याचा तळ सपाट असावा, लपायला लाकडी खोके असावे आणि गजांतील फटी पिलू निसटणार नाही इतक्या अरुंद असाव्यात.

आता पंख्याविषयी. पंखा हवा थंड करीत नाही, केवळ हलवतो. आपल्याला गार वाटते ते घामाच्या बाष्पीभवनामुळे. चिंचिलाला घाम येत नाही. शिवाय त्याच्या दाट केसांत अडकलेली हवा उष्णतेची दुर्वाहक असते. खोलीचे तापमान २७ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले, की त्याला उष्माघाताचा धोका असतो. खोलीच थंड ठेवणे हा एकच उपाय. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांवर जातो आणि वीजही जाते. तेव्हा हौसेखातर हा प्राणी महाराष्ट्रात आणूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिक्षकांनी वर्गात एक सोपा प्रयोग जरूर करून दाखवावा. दोन तापमापक पंख्यासमोर ठेवा. एकाच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळा, दुसरा कोरडाच राहू द्या. ओल्या फडक्यातील तापमापकाचा पारा उतरेल, कोरड्याचा जागच्या जागी राहील. पंख्याखालचा चिंचिला म्हणजे तो कोरडा तापमापक. प्राण्यावर माया असावीच, पण त्याला काय हवे हे त्याच्या शरीराला विचारून ठरवावे, आपल्या मनाला विचारून नव्हे.