शिकारीचा रस्सा, शिकारीवाचून

तूर शेंगांवर आली की आमच्या वाशीम भागातल्या शेतकऱ्याची झोप उडते. रात्री रानडुकरांचा कळप, पहाटे रोही. परवा माझा पुतण्या जागलीवरून आला तो रागातच. म्हणाला, "काकू, फासा लावतो आता. ससा सापडला त रांधशीन ना?"

खोटे कशाला सांगू, माझ्या तोंडाला पाणी सुटले. मंगरूळपीर तालुक्यातल्या माझ्या माहेरी, मी परकरी पोर असताना, मामा ससा नाहीतर तितर घेऊन येत आणि रात्री उशिरापर्यंत चुलीवर मडके रटरटत असे. पण 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, 1991 मध्ये शिकारीचे परवानेही बंद झाले. आता ससा धरणे हा गुन्हा आणि त्याचे मटण घरात सापडणे हाही गुन्हाच. एका वेळच्या कोरड्याशापायी पोरगा तुरुंगात जायचा! कुंपणात वीज सोडणे तर त्याहून वाईट. त्यात माणसेही मेली आहेत.

मग विचार केला, आईच्या रश्श्याची गोडी सशात होती की चुलीत? सशाच्या मटणाला चरबी नसते, ते चिवट. मंद आचेवर तासन् तास शिजले म्हणजेच चिवटपणा विरघळून रश्श्याला दाटी येते. तिकडे आयर्लंडातही शिकारीचे मटण कांदा, गाजर, बटाटा घालून असेच हळूहळू शिजवतात. मसाला मात्र नावालाच. आपल्याला कसे चालायचे ते!

तेव्हा वर्षाचा, चांगला हिंडलेला गावरान कोंबडा घ्यावा. ब्रॉयलरचे काम नाही, त्याचा भुगा होतो. किलोभर तुकड्यांना हळद, मीठ आणि आले-लसूण चोळून तासभर ठेवावे. तीन कांदे सालासकट निखाऱ्यात खुपसावेत. अर्धी वाटी सुके खोबरे विस्तवावर काळपट होऊ द्यावे. दोन चमचे धने, चमचा जिरे, चमचा खसखस, पाच लवंगा, आठ मिरे, दालचिनी, थोडे दगडफूल आणि आठ-दहा सुक्या मिरच्या तेलाच्या थेंबावर भाजून सगळे पाट्यावर गंधासारखे वाटावे. मिक्सर चालतो, पण पाणी कमी घाला.

अर्धी वाटी तेलात वाटण तेल सुटेपर्यंत परतावे. इथे घाई केली की रस्सा कच्चट लागतो, मग कितीही उकळा. तुकडे घालून परतावेत आणि वर पाण्याने भरलेले ताट झाकावे. ताटातले पाणी तापले की तेच आत ओतावे. गार पाणी कधीच नाही. दीड-दोन तास धीर धरावा. शेवटी चमचाभर ज्वारीचे पीठ भाजून, पाण्यात कालवून लावावे, एक उकळी आणावी आणि मडके उतरवून पाव तास झाकून ठेवावे. तर्री आपोआप वर येते.

पुतण्याने तीन भाकरी चुरल्या. हात धुतल्यावर मी त्याच्यापुढे कागद ठेवला. पिकाच्या नुकसानीसाठी वनखात्याकडे अर्ज करता येतो. पण तो लगेच द्यावा, पंचनाम्याआधी शेत मोडू नये. अर्ज त्याने लिहिला. फाशाची तार मी अंगणात धुणे वाळत घालायला बांधली आहे.