जमा देवाची, खर्च आपला

मोह कुठून येतो आणि चांगुलपणा कुठून येतो, या प्रश्नांना ख्रिस्ती धर्माने दिलेले उत्तर वरवर पाहता चक्क पक्षपाती आहे. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात ते सापडते. घसरलेल्या माणसाने देवाकडे बोट दाखवायचे नाही, कारण त्याला ओढून नेते ती त्याचीच वासना. चांगले जे काही पदरात पडते ते मात्र वरून आलेले. म्हणजे खर्च सगळा माणसाच्या नावे आणि जमा सगळी देवाच्या. कोणताही मुनीम असली खतावणी पाहून कपाळाला हात लावील.

पुढच्या शतकांत ही खतावणी सरळ करून घेण्याची खटपट अनेकांनी केली. दर वेळी हिशेबाचा ताळा जमला आणि माणूस मात्र त्यातून निसटला, असे हा इतिहास वाचताना वाटत राहते.

पहिली खटपट इराणातल्या मानीची, तिसऱ्या शतकातली. प्रकाश आणि अंधार ही दोन अनादी तत्त्वे. चांगले घडते ते प्रकाशामुळे, वाईट घडते ते अंधारामुळे. दोन्ही खाती माणसाच्या बाहेर गेली. उत्तर आफ्रिकेतला एक हुशार तरुण, ऑगस्टीन, सुमारे नऊ वर्षे या पंथात रमला. पाप मी करत नाही, माझ्यातले दुसरेच काहीतरी करते, या कल्पनेत आपल्याला सुख होते, हे त्याने पुढे ‘कन्फेशन्स’मध्ये लिहून ठेवले. ३८७ मध्ये मिलानच्या बिशप अँब्रोझकडून बाप्तिस्मा घेतल्यावर त्याने या सुखावरच घाव घातला. त्याच पुस्तकातली नासपतीची गोष्ट प्रसिद्ध आहे. सोळाव्या वर्षी थागास्ते या गावी (आजच्या अल्जीरियात) टोळक्याबरोबर रात्री शेजारच्या बागेतले झाड झोडपले. भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती, चोरलेली बहुतेक डुकरांपुढे टाकली. मोठेपणी बिशप झालेला माणूस या पोरकट चोरीवर पानेच्या पाने खर्ची घालतो तेव्हा हसू येते. पण त्याचा मुद्दा पक्का आहे. भूक, गरज, सैतान अशी एकही सबब इथे लागू पडत नव्हती. चोरी आवडली, म्हणून केली.

दुसरी खटपट पेलाजियसची, आणि हा गृहस्थ उगाच बदनाम झाला असे माझे मत आहे. ब्रिटनमधून रोमला आलेला हा तपस्वी पाहत होता की ख्रिस्ती होणे आता सोयीचे झाले आहे आणि लोक ‘आम्ही दुबळे’ म्हणत मजेत पाप करताहेत. देव जे करायला सांगतो ते करण्याचे बळही त्यानेच द्यावे, अशी ऑगस्टीनची प्रार्थना कोणीतरी त्याच्यासमोर उद्धृत केली तेव्हा तो भडकला. त्याचे म्हणणे, देवाने आज्ञा दिली याचा अर्थच असा की माणसाला ती पाळता येते. मग मोहही आपला आणि सद्गुणही आपला. दोन्ही खाती एकाच नावावर.

४१० मध्ये गॉथांचा राजा अलारिकने रोम लुटले आणि माणसे आफ्रिकेकडे पळाली. त्यांत रोमच्या अतिश्रीमंत घराण्यातली डेमेट्रियास नावाची मुलगी होती. तिने लग्न नाकारून संन्यस्त जीवन पत्करले तेव्हा पेलाजियसने तिला उपदेशाचे लांबलचक पत्र धाडले. कुळ आणि संपत्ती तुला घरच्यांकडून मिळाली, पण आत्म्याचे धन तुला तुझ्याखेरीज कोणी देऊ शकत नाही, अशा आशयाचा मजकूर त्यात होता. ऑगस्टीनने नेमका तोच मजकूर हेरला आणि मुलीच्या आईला कळवले, की हे विष आहे. धन तिच्यात आहे हे खरे, पण ते तिच्याकडून आलेले नाही.

वाद असा एका मुलीच्या टपालात चालला होता. निकाल मात्र दरबारात लागला. ४१५ मध्ये पॅलेस्टाइनमधल्या धर्मसभेने पेलाजियसला निर्दोष ठरवले, ४१८ मध्ये सम्राट होनोरियसने त्याला रोममधून हाकलले, आणि त्याच्याबाबत आधी मवाळ असलेले पोप झोसिमसही फिरले. आफ्रिकेच्या बिशपांनी दरबारात ८० घोडे लाच म्हणून दिले, असा आरोप पेलाजियसच्या बाजूचा एक्लानमचा बिशप ज्युलियन करत राहिला. आरोप खरा असो-नसो, पण चांगुलपणा देवाच्या कृपेनेच येतो हा सिद्धान्त राजाज्ञेने रुजवावा लागला, हे काही शोभादायक नाही.

ज्युलियनचा दुसरा आरोप जास्त झोंबणारा होता: ऑगस्टीन अजून मनाने मानीपंथीच आहे. आदामाचा दोष जन्मतःच प्रत्येकात उतरतो असे मानले, तर बाप्तिस्म्याआधी मेलेल्या तान्ह्या बाळाचे काय? ऑगस्टीनचे उत्तर होते, दंड, फक्त सर्वांत सौम्य. ४३० मध्ये व्हँडलांनी, तो जिथे बिशप होता त्या हिप्पोला वेढा घातलेला असताना तो वारला, तेव्हा ज्युलियनला दिलेले उत्तर अपुरेच राहिले होते. त्या बाळांना तारणाची आशा धरता येते, असे सविस्तर सांगणारा दस्तऐवज व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने काढला तो २००७ मध्ये.

या भांडणापेक्षा मला इजिप्तच्या वाळवंटातले संन्यासी अधिक भरवशाचे वाटतात. ३९९ मध्ये वारलेला इव्हाग्रियस दुपारच्या आळसाचे वर्णन करतो. सूर्य जागचा हलत नाही. संन्यासी खिडकीशी जातो, बाहेर येतो, जेवणाच्या वेळेला किती अवकाश आहे ते उन्हावरून पाहतो, कोणी भेटायला येतेय का म्हणून वाट न्याहाळतो, मग त्याला ही जागाच नकोशी होते आणि घरची माणसे आठवतात. याला तो सैतान म्हणतो, पण लगेच भेद करतो: विचार यावा की न यावा हे आपल्या हाती नाही, त्याला घरात ठेवून घ्यायचे की नाही हे आहे. हीच शिकवण जॉन कॅसियनने मार्सेयला नेली आणि ऑगस्टीनच्या टोकाला तिथून विरोध सुरू झाला. ५२९ मध्ये ऑरेंजच्या धर्मसभेने निकाल दिला. चांगल्याची सुरुवातसुद्धा देवाच्या कृपेने होते. पण देव कोणाला वाइटासाठी नेमतो असे म्हणणाऱ्याचा धिक्कार असो. खतावणी वाकडीच ठेवली, आणि माझ्या मते तेच शहाणपण झाले.

नवव्या शतकात गॉटशाल्क नावाच्या संन्याशाने तिसरी वाट धरली, दोन्ही खाती देवाच्या नावावर टाकली. फटके खाऊन तो कोठडीत गेला. कॅल्विनच्या पंथातही हा ओढा पुढे दिसतो.

आज मोहाचे खाते आपण मेंदूतली रसायने, बालपण आणि मोबाइल यांच्या नावे करतो, आणि यशाची मुलाखत देताना ‘स्वकष्टाने’ हा शब्द विसरत नाही. याकोबाची खतावणी बरोबर उलटी झाली आहे. रसायने खोटी नाहीत. पण नासपतीच्या झाडाखाली उभ्या पोराबद्दल ती फारसे सांगत नाहीत.

मराठी माणसानेही हा वाद अंगावर घेतला आहे. काशीत वाढलेल्या कोकणस्थ नीलकंठशास्त्री गोरे यांनी १८४०च्या दशकात जॉन म्यूरच्या, ख्रिस्ती मताची बाजू मांडणाऱ्या संस्कृत ‘मतपरीक्षे’ला ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून उत्तर दिले. पूर्वजन्म मानला नाही तर जन्मतःच्या दुःखाचा आणि विषमतेचा दोष न्यायी ईश्वराच्याच माथी येतो, ही त्यांची हरकत. ज्युलियनचा घाव थोडाफार इथेच बसत होता. १८४८ मध्ये गोरे स्वतः ख्रिस्ती झाले. मग ‘षड्दर्शनदर्पण’मध्ये त्यांनी वेदान्त्यांना उलटतपासणीला घेतले: जीव आणि ब्रह्म एकच असतील, तर पाप नेमके कोणाच्या नावे मांडायचे?