पाहुण्यांना पळवू नका, बागेत न्या!

मार्च संपत आला की लंडनमधल्या आपल्या घरांत दोन गोष्टी हमखास येतात. डॅफोडिलची फुलं आणि पाहुणे! तिकडे परीक्षा संपतात, ऊन तापू लागतं आणि आजी-आजोबा, मामा-मामी, आत्या, चुलतभावंडं इकडे यायला निघतात. आम्हाला पाहुणे फार आवडतात. त्यांच्या बॅगेतून निघणारं मेतकूट आणि भडंगही आवडतं. तरीही आज आम्ही मोठ्या गटातली मुलं एक तक्रार मांडणार आहोत. आईबाबांनी रागावू नये ही विनंती.

तक्रार अशी, की पाहुणे आले की आपण त्यांना पळवतो. फ्रिजवर यादी लागते. शनिवारी टॉवर ऑफ लंडन, मग टॉवर ब्रिज, मग सेंट पॉल्स. रविवारी मेणाचे पुतळे, राजवाडा आणि लंडन आय. एक ठिकाण झालं की यादीवर टिक करायची आणि पुढच्या गाडीसाठी धावायचं. आजीचे गुडघे कुरकुरतात, पण "एवढ्या लांबून आलोय तर बघून घेऊ" म्हणून ती बिचारी चालते. अशा वेळी पहिली सुट्टी मिळते ती मराठीच्या वर्गाला. म्हणजे गंमत बघा. आजीशी बोलता यावं म्हणून आम्ही वर्षभर शनिवारी मराठी शिकतो आणि आजी आली की मराठी बंद! म्युझियममध्ये आजीच्या कानाला माहिती सांगणारं यंत्र आणि आमच्याही कानाला यंत्र. मग बोलायचं कोणी कोणाशी?

गेल्या एप्रिलमध्ये आमच्यातल्या तिघांच्या घरी एकदमच पाहुणे होते. यादीतल्या ठिकाणाची तिकिटं त्या दिवशी संपली होती. म्हणून नाइलाजाने आम्ही सगळे रीजंट्स पार्कमध्ये गेलो. तिथल्या चेस्टर रोडवर दोन्ही बाजूंना चेरीची झाडं आहेत. ती गुलाबी रंगाने नुसती भरून गेली होती. आजी स्वेटर, शाल, कानटोपी असा जामानिमा करून आली होती. ती म्हणाली, "हा तुमचा वसंत होय? आमच्याकडे याला कडाक्याची थंडी म्हणतात!" पण पाच मिनिटांनी ती गप्प होऊन झाडांकडे बघत राहिली.

आमच्यातला एकजण ऐटीत म्हणाला, "आजी, बघ किती मोहोर आलाय." आजी हसली नाही. ती म्हणाली, "अरे, मोहोर आंब्याला येतो. या झाडाला बहर आलाय म्हणायचं." खाली पडलेल्या पाकळ्यांना तिने 'सडा' म्हटलं. सडा म्हणजे अंगणात शिंपडतात ते पाणी, एवढंच आम्हाला माहीत होतं. मग तिच्या माहेरच्या दारातला पारिजातक निघाला. पहाटे त्याचा सडा पडायचा आणि फुलं वेचायला भावंडांची भांडणं व्हायची. हे आमच्या आईनेही पहिल्यांदाच ऐकलं. फुलांच्या रंगांना आजीकडे नावं तरी किती! अबोली, गुलबाक्षी, मोतिया, डाळिंबी. आम्हाला सगळं 'पिंक' दिसत होतं.

दुसऱ्या एकीच्या आजोबांनी शाळेत वर्डस्वर्थची डॅफोडिलवरची कविता पाठ केली होती. ती १८०७ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे दोनशे वर्षांहून जुनी कविता त्यांनी साताऱ्याच्या शाळेत बसून घोकली, पण ते फूल मात्र कधी पाहिलं नव्हतं. आता ते वाकून एकेका फुलाकडे बघत होते. म्हणाले, "बरं झालं, मास्तर खोटं सांगत नव्हते."

पुढे आम्ही प्रिमरोझ हिल चढलो. ही टेकडी जेमतेम ६३ मीटर उंच आहे. "आमच्या पर्वतीपुढे हा ओटा आहे ओटा," असं पुण्याच्या मामांनी जाहीर केलं. पण वर बाकावर बसल्यावर समोर लंडन आय, शार्ड, सेंट पॉल्सचा घुमट असं सगळं एका नजरेत दिसलं. फ्रिजवरची अर्धी यादी एका पैशाचं तिकीट न काढता झाली! थर्मासमधला चहा आणि घरच्या पुरणपोळ्या तिथेच संपल्या.

टेकडीच्या पलीकडच्या उतारापासून थोडं चाललं की किंग हेन्रीज रोड लागतो. तिथल्या १० नंबरच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. तेव्हा ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होते. हे घर २०१५ साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं आणि तिथे आता त्यांचं स्मारक आहे. १४ एप्रिलला त्यांची जयंती असते, म्हणजे बरोबर चेरीच्या बहराच्या दिवसांत. आजोबा त्या दारासमोर बराच वेळ हात जोडून उभे राहिले. परत येताना ते बसमध्ये सांगत होते आणि आम्ही ऐकत होतो. त्या दिवशी कोणाच्याही कानाला यंत्र नव्हतं.

काही आईबाबा म्हणतील, "पाहुणे एवढा खर्च करून येतात. त्यांना टॉवर दाखवायचा नाही का? घरी गेल्यावर लोक फोटो मागतात." हे खरं आहे. टॉवर बघूच नका असं आम्ही म्हणत नाही. पण टॉवर शेकडो वर्षं उभा आहे आणि तो डिसेंबरातही असतो. चेरीचा बहर एक-दोन आठवड्यांचा. जोराचा वारा-पाऊस आला तर तेवढाही नाही. आणि आजी-आजोबाही दरवर्षी येत नाहीत. एवढा लांबचा प्रवास दर वेळी थोडा अधिक जड होतो, हे आम्हालाही कळतं.

म्हणून आमची सूचना अशी. यादीला दोन दिवस द्या, पण एक पूर्ण दिवस बागेला द्या. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं, त्यामुळे एप्रिलच्या मध्याला संध्याकाळी पावणेआठपर्यंत उजेड असतो. शाळा सुटल्यावरही जाता येतं. ज्यांना रीजंट्स पार्क लांब पडतं त्यांनी ग्रिनिच पार्कमध्ये जावं. सेंट जेम्सेस पार्कमध्ये पेलिकन बघावेत. १६६४ साली रशियाच्या वकिलाने राजाला पेलिकन भेट दिले, तेव्हापासून ते तिथे आहेत. या सगळ्या बागांना तिकीट नाही. दोन-तीन कुटुंबांनी मिळून गेलं तर आजीला आजी भेटते आणि आम्हाला मित्र.

त्या दिवशी वाटाडे आम्ही होऊ. फोन पिशवीत राहील. बोलणं मराठीत होईल. शब्द अडला तर बोट दाखवू, पण इंग्रजीत पळणार नाही. हे वचन आम्ही छापील देत आहोत.

त्या बदल्यात मोठ्यांकडे एकच मागणं आहे. "मी गेला" म्हणणारी मुलगी आणि "मी आली" म्हणणारा मुलगा तुम्हाला भेटेल. त्यांना हसू नका. एकदा सगळे हसले की आमच्यातली काही मुलं पाहुणे जाईपर्यंत तोंड उघडत नाहीत. चेरीवाल्या आजीसारखं हळूच बरोबर रूप सांगा आणि गोष्ट पुढे चालू ठेवा.

यंदा पाहुणे येणार असतील तर फ्रिजवरच्या यादीत आमच्यासाठी एक ओळ मोकळी सोडा. तिथे काय लिहायचं ते आम्ही आमच्या हातांनी, देवनागरीत लिहू.

– मोठ्या गटातील विद्यार्थी