वाढदिवस दुसऱ्याच्या घरचा

सुटीत बॅचमेटच्या घरी राहायला गेलो आणि नेमका त्या घरात कुणाचा तरी वाढदिवस आला, की आपल्यापैकी बरेच जण संकोचतात. ‘हा घरच्यांचा कार्यक्रम, आपण कशाला मध्ये?’ असे म्हणून कोपऱ्यात बसतात, टाळ्या वाजवतात आणि फोटोत मागच्या रांगेत उभे राहतात. माझे मत याच्या उलट आहे. दुसऱ्या प्रांतातले घर समजून घ्यायला वाढदिवसासारखा दिवस नाही आणि त्या दिवशी पाहुण्याने बसून राहू नये, काम मागून घ्यावे.

गेल्या हिवाळी सुटीत मी हावड्याला, शिबपूरमध्ये एका बॅचमेटच्या घरी होतो. मुंबईहून गीतांजली एक्सप्रेसने जवळजवळ दोन हजार किलोमीटर! देश आपलाच, पण भाषा, लिपी, जेवण सगळे वेगळे. पहिले दोन दिवस परदेशात आल्यासारखेच वाटले. त्याच्या धाकट्या बहिणीचा दहावा वाढदिवस होता. मी काकीमांकडे काम मागितले. दादूंबरोबर बाजारात जाऊन दूध आणि गोविंदभोग तांदूळ आणायचे आणि दूर्वा खुडायच्या, अशी दोन कामे मिळाली. दूर्वा निवडायची सवय गणपतीमुळे होतीच!

बंगाली घरात वाढदिवसाचा पहिला मान केकचा नाही, पायेशाचा. पायेश म्हणजे तांदळाची खीर. हिवाळ्यात ती खजुरीच्या रसाच्या नव्या गुळात करतात, त्याला ‘नोलेन गूड’ म्हणतात. मुलीला आसनावर बसवले, समोर दिवा लावला, शंख वाजला आणि मोठ्यांनी एकेक करून तिच्या डोक्यावर धान आणि दूर्वा ठेवून आशीर्वाद दिला. धान म्हणजे तुसासकट भात. आपल्या औक्षणात निरांजन आणि अक्षता असतात. त्यांच्याकडे दिवा आणि धान. ताटात पाच प्रकारचे तळण आणि माशाचे डोके वाढले होते. संध्याकाळी केकही आला, पण तोवर खरा वाढदिवस होऊन गेला होता.

शेवटी ठाकूमांनी, म्हणजे आजींनी, मला जवळ बोलावले आणि माझ्याही डोक्यावर धान-दूर्वा ठेवल्या. सहावीपासून माझा प्रत्येक वाढदिवस टर्ममध्ये, मेसमध्येच होतो. मित्र दंगा करतात, मजा येते. पण डोक्यावर असा हात ठेवणारे तिथे कोणी नसते. मग त्या हसून म्हणाल्या, “आमच्या घरी बर्गी जेवायला आला!”

‘बर्गी’ हा आपलाच ‘बारगीर’ शब्द. स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावरचा तो बारगीर. १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर वारंवार स्वाऱ्या केल्या. त्यांच्या भीतीने कलकत्त्याभोवती ‘मराठा डिच’ नावाचा खंदक १७४२ मध्ये खणायला घेतला होता. तो पुरा झालाच नाही, आणि होता तोही नदीच्या पलीकडे. पश्चिम तीरावरच्या हावड्याला खंदकाचा काही उपयोग नव्हता. बर्गींची भीती असलेले अंगाईगीत बंगालमध्ये आजही ठाऊक आहे. आपण या स्वाऱ्यांकडे पराक्रम म्हणून पाहतो. पायेशाची वाटी हातात घेऊन मी त्या दुसऱ्या बाजूने ऐकल्या. उद्या ज्याला गणवेश घालायचा आहे, त्याला हे ऐकलेले असावे असे मला वाटते.

याच्या उलट दिशेचा प्रवासही झालेला आहे. १८७८ मध्ये इंग्लंडला जाण्यापूर्वी इंग्रजी आणि तिकडच्या रीतीभाती शिकण्यासाठी रवींद्रनाथ ठाकूर मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी राहिले होते. तेव्हा त्यांचे वय सतरा, म्हणजे आमच्याहून दोनच वर्षे जास्त. एका मराठी घराने परप्रांतीय मुलाला सामावून घेतले, ही गोष्ट आपल्याला अभिमानाने सांगता येते. ती पुढेही चालू ठेवली पाहिजे.

काही जण म्हणतील, आपल्यामुळे यजमानांना त्रास होतो. म्हणूनच तर काम मागायचे! काही म्हणतील, खाण्याचे काय? जे चालत नाही ते पहिल्याच दिवशी नम्रपणे सांगावे. वाढलेल्या ताटाकडे बघून तोंड वाकडे करू नये. माझ्या बॅचमेटच्या घरी शाकाहारी नातेवाईकही होते आणि पायेश तर सगळ्यांनाच चालतो.

आपल्या सहली आणि कॅम्प चांगलेच असतात. पण तिथे आपण डॉर्मिटरीत, आपल्याच मुलांबरोबर राहतो. धरण पाहून होते, संग्रहालय पाहून होते. घर मात्र पाहायचे राहते.

म्हणून पालकांना माझी एक विनंती आहे. आपल्या शाळेत दूरच्या राज्यांतले कॅडेट आहेत. दोन-तीन दिवसांच्या सुटीत त्यांना घर गाठता येत नाही आणि त्यांचे वाढदिवसही टर्ममध्येच येतात. तुमच्या मुलाबरोबर त्यांतल्या एकाला, शाळेची आणि त्याच्या आईवडिलांची परवानगी घेऊन, घरी बोलवा. त्याचा वाढदिवस जवळ असेल तर त्याला पाटावर बसवून औक्षण करा. आणि कॅडेट मित्रांनो, तुम्ही कुणाच्या घरी गेलात तर आधी स्वयंपाकघरात जा आणि विचारा, “मी काय करू?”