कुणाचं दुकान, कुणाचा बंद?

दुकानदारांचे पुढारी आता वस्तीत येतात. म्हणतात, डिमार्टने आम्हाला बुडवलं, बंदला तुमची पोरं द्या. द्यायची का पोरं? आधी हिशोब होऊ द्या.

1928 साली मुंबई सरकारने स्टार्ट कमिटी नेमली. बाबासाहेब तिचे सभासद. 1930 च्या अहवालात लिहून ठेवलंय, अस्पृश्यांनी हक्क मागितला की गावच्या वाण्याला सांगून त्यांचं मीठ-पीठ बंद केलं जायचं. दुकान लहान होतं म्हणून दयाळू नव्हतं. आणि आमचं दुकान? 1917 साली परदेशातून शिकून आल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअरवाल्यांना सल्ला देण्याचा धंदा काढला. जात कळली, गिऱ्हाईक पळालं. जिथे सल्लासुद्धा विटाळला, तिथे आमच्या हातचं तेल कोण घेणार होतं?

म्हणून आपल्यातले काहीजण मोठ्या दुकानावर खूष. 2012 साली सरकारने किरकोळ व्यापार 51 टक्के परदेशी भांडवलाला उघडला, तेव्हा डिक्कीने त्याची बाजू घेतली. अगदीच पोकळ नाही ते. मॉलचा काउंटर जात विचारत नाही, पैसे टाका, माल घ्या. पण दोस्तांनो, पैसे टाका हीच तर मेख आहे.

डिमार्ट 2002 ला पवईत निघालं, आज 400 च्या वर दुकानं. जादू काही नाही. जागा बहुतेक स्वतःची, खरेदी गाडीच्या गाडी, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते, म्हणून दर पडतो. नाक्यावरच्या दुकानाला तोच साबण महाग पडतो. 1 जानेवारी 2022 पासून महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटचा काही माल अडवला तो याच भांडणापायी, बड्यांना एक दर, आम्हाला दुसरा का? हा अन्याय खराच.

पण सवलत पदरात पडते कुणाच्या? महिन्याचा किराणा एकदम भरणाऱ्याच्या. पाच लिटरचा डबा स्वस्त पडतो, हे रोजावर जाणाऱ्या बाईला काय सांगता? तिला आज संध्याकाळी दहा रुपयाचं तेल पायजे, तेही उधार. ते वस्तीतली टपरीच देते, वहीत चढवून. (वहीत एकाचे दोन होतात हेही ठाऊक आहे. तरी चूल पेटते.) टपरी मेली तर त्या बाईने कुठल्या काउंटरवर उधार मागायचं?

आणि ज्यांना शटरच नाही ते? भाजीची पाटी, चपलांची हातगाडी, त्यांत आपली किती माणसं! त्यांना डिमार्टच्या आधी पालिकेची गाडी उचलते. कित्येकदा तक्रार करणारा हाच ‘लहान’ दुकानदार असतो. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने सर्वेक्षण होऊन दाखला मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही. समितीत किमान 40 टक्के माणसं विक्रेत्यांनी निवडलेली हवीत, त्यांत एक तृतीयांश बायका, अनुसूचित जातींनाही जागा. किती दुकानदार संघटनांनी यासाठी एक दिवस शटर ओढलं?

तेव्हा पुढाऱ्यांना सांगा, येतो. पण आधी संघटनेच्या लेटरहेडवर लिहून द्या की फेरीवाल्याविरुद्ध एकही अर्ज करणार नाही, आणि आमचा पोरगा फक्त गोण्या उचलायला नाही, गल्ल्यावरही बसेल. सही करा, मग बंदची तारीख ठरवू.