मरुभूमीतील हिवाळी पाहुणे

मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत सहलीस निघालेल्या मंडळींचे पाय राजस्थानच्या मरुभूमीकडे वळतात. उन्हाळ्यात जेथे पारा ४५ अंशांवर चढतो, त्या जैसलमेरात या दिवसांत दुपारचे ऊन हवेहवेसे वाटते. रात्री मात्र घोंगडी शोधावी लागते. उंटावर बसावे, वाळूच्या टेकड्यांवरून सूर्यास्त पाहावा, पिवळ्या दगडाचा किल्ला डोळ्यांत साठवावा आणि परतावे, असा हा प्रवास. त्यात वावगे काही नाही. परंतु एवढ्यानेच मरुभूमी पाहिली, असे म्हणणे आम्हांस पटत नाही.

तेथील माणसांनी जोपासलेली पाणी जपण्याची विद्या, हेच मरुभूमीचे खरे वैभव होय. गोमंतकात वर्षाकाठी ३००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. जैसलमेरात साधारणतः २०० मिलिमीटरांहूनही कमी. तेवढ्यावरही तेथे गहू-हरभरा पिकतो. खडकाळ उतारावरून वाहून येणारे पाणी बांध घालून सखल शेतात अडवावयाचे, ते मुरू द्यावयाचे आणि त्या ओलीवर हिवाळी पीक घ्यावयाचे, ही रीत पालीवाल ब्राह्मणांनी शतकांपूर्वी रूढ केली. तिला ‘खडीन’ म्हणतात. घराशेजारी जमिनीखाली बांधलेल्या ‘टांक्या’त पावसाचे पाणी वर्षभर पुरवून वापरले जाई.

जैसलमेरचा किल्ला ११५६ सालचा. त्यात आजही लोकवस्ती आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे नळ आले, पाहुण्यांसाठी निवासगृहे वाढली, सांडपाणी टेकडीच्या पोटात मुरू लागले आणि भिंती-बुरूज ढासळू लागले. पाण्याच्या अभावी जगावयास शिकलेली वास्तू पाण्याच्या उधळपट्टीने खचावी, हे केवढे दुर्दैव!

आम्हां गोमंतकीयांना ही व्यथा परकी वाटू नये. हिवाळ्यात आमच्या किनाऱ्यावरही पाहुण्यांची रीघ लागते. त्यांनी आमच्या विहिरींचा, शेतांचा, देवळांचा मान राखावा, अशी आमची रास्त अपेक्षा असते. मग परमुलखी गेल्यावर तोच मान आम्ही राखतो काय? खोलीचे भाडे मोजले की बादल्यांमागून बादल्या ओतण्याचा अधिकार मिळाला, असे समजणारे आमच्यांतही थोडे नाहीत.

मरुभूमीच्या आतिथ्यात मात्र उणे नाही. फलोदीजवळच्या खीचन गावी दर हिवाळ्यात मंगोलिया व मध्य आशियाकडून हजारो कुरजा पक्षी येतात, आणि ग्रामस्थ त्यांच्यासाठी दाणे पसरून ठेवतात. ज्या भूमीत धान्याचा कण कष्टाने पिकतो, तेथे परदेशी पाखरांसाठी ही पंगत मांडली जाते. अशा यजमानांकडे जाणाऱ्याने निदान पाण्याचा तांब्या जपून वापरावा.

विद्यार्थिमित्रहो, मरुभूमी पाहावयास अवश्य जा. छायाचित्रेही काढा. पण निघण्यापूर्वी यजमानास एवढे विचारा : “वैशाखात तुम्ही पाणी कोठून आणता?” त्याचे उत्तर मन लावून ऐकाल, तर तुमचा प्रवास सार्थकी लागला, असे आम्ही समजू.